लिनक्सची प्रतिष्ठापना : पूर्वपीठिका आणि नवशिक्यांस चार शब्द

दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. नव्या गावी सामान लावणे त्या मानाने सोपे असते. खरी कसोटी जुने घर सोडताना लागते. काय बरोबर न्यायचे, काय वाटून टाकायचे आणि कोणते कागद कोणत्याही परिस्थितीत हातच्या पिशवीतच ठेवायचे, हे ज्याने आधी ठरवले त्याचे बिऱ्हाड सुखरूप पोहोचते. संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवणे हाही बिऱ्हाड हलवण्याचाच प्रकार आहे, आणि त्यात होणारे बहुतेक अनर्थ नव्या घरात होत नसून जुने घर सोडतानाच्या घाईत होतात.

हा विषय येथे काढण्यास कारण आहे. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. तिची पुढची आवृत्ती चालवण्यास जी सुरक्षा-चिप व जे नवे प्रोसेसर लागतात, ते अनेक जुन्या यंत्रांत नाहीत. परिणामी, ज्याचा पडदा, कळफलक आणि चकती अजून ठणठणीत आहेत अशी असंख्य यंत्रे एकाएकी निराधार झाली. परप्रांती राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या घरीही असे एखादे यंत्र असतेच. मुलांचे फोटो, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, वडिलांच्या आठवणींचे टंकलिखित असा ऐवज त्यात असतो. अशा वेळी कोणीतरी 'लिनक्स टाकून पाहा' असे सुचवतो आणि गृहस्थ संभ्रमात पडतो. त्याला पायऱ्यांची यादी कोठेही मिळेल. परंतु त्या पायऱ्यांमागे एक इतिहास आहे, आणि कोणती पायरी कोणत्या ठेचेतून निर्माण झाली हे ज्याला ठाऊक असते तो त्या पायरीवर सहसा घसरत नाही. म्हणून आधी इतिहास आणि मग उपदेश, असा क्रम आम्ही घेतला आहे.

१

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. चकतीवर कोठे काय ठेवले आहे, छपाईयंत्राकडे कोणाचे काम आधी जावयाचे, कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृती द्यावयाची, हे सर्व तो पाहतो. हा कारभारी कोणाच्या आज्ञेत असावा, या एका प्रश्नाभोवती गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा सारा इतिहास फिरतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची पायाभरणी केली. प्रयोगशाळेची मालक असलेल्या ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे संगणकांच्या व्यापारात पडण्यास मज्जाव होता. त्यामुळे युनिक्स तिने विद्यापीठांना माफक मोबदल्यात दिली आणि तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला वाचनीय मजकूर, तीही बरोबर दिली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६ च्या सुमारास त्या संहितेवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. आपल्याकडे सूत्रांवर भाष्ये लिहिली जातात, त्याच जातीचा हा उद्योग होता. परंतु १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली तेव्हा परवान्याच्या अटी बदलल्या आणि संहिता वर्गात शिकवण्यास बंदी आली. लायन्स यांचे भाष्य मग पुढे कित्येक वर्षे झेरॉक्सच्या प्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. ते उजळ माथ्याने छापले गेले ते १९९६ साली.

शिकवायला संहिताच उरली नाही, तेव्हा अ‍ॅम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी स्वतःच एक लहानशी प्रणाली लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. तिचे नाव मिनिक्स. विद्यार्थ्याने वाचून समजून घ्यावी इतकीच ती मोठी होती, आणि ती तेवढीच राहावी असा तिच्या कर्त्याचा आग्रह होता.

दुसरा प्रवाह अमेरिकेतील एम. आय. टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून निघाला. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या छपाईयंत्राच्या कार्यक्रमात एक सोय करून ठेवली होती : कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना तसा संदेश जाई. पुढे झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर छपाईयंत्र आले. परंतु त्याची संहिता मागूनही मिळेना. प्रसंग क्षुल्लक होता. तथापि आपल्याच खोलीतील यंत्र आपल्याला दुरुस्त करता येऊ नये, यातला अन्याय त्यांच्या मनाला लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या संपूर्णपणे मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना तयार केला. प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरावी, तिची संहिता वाचावी व बदलावी, तिच्या प्रती वाटाव्या, सुधारलेल्या प्रतीही वाटाव्या. मात्र ज्याला ती द्याल त्यालाही हेच हक्क द्यावे लागतील, असे त्याचे सार आहे. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मुक्त याचा अर्थ फुकट असा नाही. ती विकतही घेता-देता येते. हिरावून घेता येत नाही, एवढेच.

१९९१ पर्यंत ग्नूचे बहुतेक अवयव तयार झाले होते. उणीव होती ती गाभ्याची. ती भरून निघाली ती मात्र अनपेक्षित दिशेने. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने त्या वर्षाच्या जानेवारीत नवा संगणक घेतला होता आणि त्यावर तो मिनिक्स चालवीत असे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या वाचकवर्गाला कळवले की आपण एक प्रणाली लिहीत आहोत, हा केवळ छंद आहे, आणि ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली. तिच्या सुमारे दहा हजार ओळी होत्या. त्याने तिला योजलेले नाव निराळेच होते. विद्यापीठाच्या जाळ्यावरील ज्या सहकाऱ्याने ती सर्वांसाठी ठेवली त्याने त्या कप्प्याला 'लिनक्स' म्हटले, आणि तेच रूढ झाले. १९९२ च्या आरंभी टोरवाल्ड्सने आपल्या संहितेला ग्नूचा परवाना लावला. दोन प्रवाह एकत्र आले ते येथे.

याच आरंभकाळातील एक गोष्ट प्रत्येक नवशिक्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोडेमला द्यावयाची आज्ञा टोरवाल्ड्सने चुकून चकतीला दिली, आणि ज्या भागावर मिनिक्स होती त्याच भागावर दूरध्वनी फिरवण्याची अक्षरे लिहिली गेली. मिनिक्स गेली. ती पुन्हा बसवण्याऐवजी आपल्याच प्रणालीवर पुढे काम करावयाचे असे त्याने ठरवले, आणि त्या अपघाताचेही सोने झाले. परंतु ज्याच्या हातून लिनक्स घडली त्याच्या हातूनही चकतीचा चुकीचा भाग पुसला जाऊ शकतो, हा यातला पहिला धडा आहे. सोने होण्याची हमी सर्वांना नसते.

२

पहिली लिनक्स बसवणे हे सामान्य माणसाचे काम नव्हते. ती तयार करण्यास मिनिक्सच हाताशी असावी लागे. वर्षअखेरीस ती आपल्या पायावर उभी राहिली आणि मग दोन फ्लॉप्यांचा जोड निघाला. एकीने यंत्र सुरू करायचे, दुसरीवर आवश्यक ती चार साधने. बाकीचे ज्याचे त्याने जमवायचे. सुटी वीट, सुटी वाळू, सुटे लाकूड मिळे. घर मात्र मिळत नसे.

घर बांधून देणारे लोक १९९२ पासून पुढे आले. गाभा, ग्नूची साधने आणि इतर कार्यक्रम यांची निवड करून ती एकत्र बांधून देण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत डिस्ट्रिब्युशन म्हणतात. आम्ही तिला 'वितरण' म्हणू. फेब्रुवारी १९९२ मध्ये मँचेस्टरच्या संगणक केंद्राने असे एक वितरण काढले. त्याच वर्षी एस. एल. एस. नावाचे दुसरे निघाले. ते लोकप्रियही झाले आणि त्यातील दोषांमुळे बदनामही झाले. त्या दोषांवर उपाय म्हणून १९९३ साली दोन वितरणे जन्मास आली आणि ती दोन्ही आजही हयात आहेत. जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर काढले आणि ऑगस्टमध्ये इयन मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेब्रा आणि इयन या जोडप्याच्या नावांचा तो संधी आहे.

स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती चोवीस फ्लॉप्यांवर येत असे. फ्लॉप्यांच्या मालिकांना अक्षरे असत : पायाभूत मालिका 'ए', जाळ्याची 'एन', चित्रमय पडद्याची 'एक्स'. एकामागून एक फ्लॉपी घालत जावे आणि एखादी मध्येच खराब निघाली की सगळा डाव मोडावा, असा तो काळ होता. ती नीट उतरली आहे ना हे आधी तपासण्याची सवय तेव्हाच्या लोकांना या अनुभवाने लागली.

पुढची परीक्षा यंत्र सुरू करण्याची. हे काम 'लिलो' नावाचा लहानसा कार्यक्रम करी. त्याचे नाव पडद्यावर एकेक अक्षराने उमटे आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पार पडलेला टप्पा असे. 'एल' उमटून थांबला तर अडचण एका ठिकाणी, 'एल-आय' वर थांबला तर दुसऱ्या ठिकाणी. माहीतगार माणूस नुसती अक्षरे पाहून निदान करी. नवशिका पडद्याकडे पाहत बसे. त्याहूनही धास्तीचा प्रकार चित्रमय पडद्याचा होता. मॉनिटर किती कंपनसंख्या सोसू शकतो ते आकडे त्याच्या पुस्तिकेतून काढून हाताने भरावे लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकेल अशी सूचना त्या दस्तऐवजातच दिलेली असे.

या अडचणींतून एक मोठे काम उभे राहिले, ते लेखनाचे. ज्याला एखादी गोष्ट साधली त्याने ती कशी साधली हे लिहून ठेवावे, या वृत्तीतून लिनक्सच्या माहितीपुस्तिकांचा प्रकल्प वाढला. आमच्या मते या चळवळीचे अर्धे यश त्या निनावी पुस्तिकाकारांचे आहे. कार्यालयात ज्याने एखाद्या किचकट प्रकरणाची टिपणी नीट लिहून ठेवली त्याच्यामागून आलेला माणूस त्याला मनोमन नमस्कार करतो, तसेच हे आहे. मार्च १९९४ मध्ये गाभ्याची १.० ही आवृत्ती निघाली तेव्हा दहा हजार ओळींच्या पावणेदोन लाखांवर ओळी झाल्या होत्या.

३

हिंदुस्थानात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून एवढा मोठा ऐवज उतरवून घेणे वेळेला आणि पैशाला, दोहोंनाही परवडणारे नव्हते. त्या काळात संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या सी. डी. तबकड्यांनी येथे लिनक्स पोहोचवली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे निघाली. रविवारी कोणाच्या तरी महाविद्यालयात जमायचे, आपापली यंत्रे रिक्षात घालून आणायची आणि जाणत्यांनी नवख्यांना हाताशी धरून प्रतिष्ठापना करून द्यायची, असा त्यांचा परिपाठ असे. प्रतिष्ठापना हा शब्द आपल्याला गणेशचतुर्थीचा वाटतो. त्या मंडळांतही एकट्याने करण्यापेक्षा चौघांनी मिळून करण्यातच त्याचा आनंद होता.

केरळात ही गोष्ट शाळांपर्यंत गेली. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाच्या भारतीय शाखेचे उद्घाटन स्टॉलमन यांच्या उपस्थितीत झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या राज्याच्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढे शाळांतील यंत्रे मुक्त प्रणालीवर आणली आणि त्यासाठी शिक्षकांनाच शिकवून तयार केले. केंद्र सरकारच्या प्रगत संगणन विकास केंद्राने चेन्नईहून डेबियनच्या आधारे 'बॉस' हे भारतीय वितरण २००७ साली काढले; भारतीय भाषांची सोय हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. २०१५ साली तर सरकारी कामात खुल्या संहितेच्या सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरणच केंद्राने जाहीर केले. धोरण आणि अंमल यांतले अंतर या वाचकवर्गाला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

दरम्यान प्रतिष्ठापनेचे स्वरूप पार पालटले. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'क्नॉपिक्स' काढले. त्याची तबकडी घालून यंत्र सुरू केले की संपूर्ण प्रणाली तबकडीवरूनच चालू लागे आणि चकतीला हातही लागत नसे. घर भाड्याने घेण्यापूर्वी दोन दिवस राहून पाहावे, तशी ही सोय. ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पाठबळाने उबुंटू निघाले. २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला त्याच्या तबकड्या जगभर टपालाने विनामूल्य मिळत, आणि हिंदुस्थानातही त्या घरोघर आल्या. २००६ पासून चालवून पाहण्याची व बसवण्याची तबकडी एकच झाली : आधी वापरून पाहावे आणि पसंत पडल्यास तेथूनच बसवावे. आजच्या पेन ड्राइव्हवरील प्रतिष्ठापना ही त्याच पद्धतीची वारस आहे. १९९३ मध्ये ज्याला दोन-तीन रात्री लागत, ते काम आता बहुतेक यंत्रांवर तासाभरात उरकते.

४

सोपेपणाचा एक तोटा असतो. कळ दाबण्यापूर्वी विचार करण्यास जो वेळ पूर्वी फ्लॉप्या बदलण्यात आपोआप मिळे, तो आता आपण होऊन काढावा लागतो. म्हणून इतिहासाने दिलेले धडे क्रमाने सांगतो.

पहिला धडा टोरवाल्ड्सच्या पुसलेल्या मिनिक्सचा. कोणत्याही कामास हात घालण्यापूर्वी सर्व मोलाच्या फायली एका वेगळ्या चकतीवर उतरवून घ्याव्यात, आणि नुसत्या उतरवून न थांबता ती चकती दुसऱ्या यंत्राला लावून त्यांतल्या पाच-दहा उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही ती प्रत नव्हे, केवळ आशा आहे. मग ती चकती यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. प्रतिष्ठापनेच्या वेळी ती यंत्राला लावलेली असेल, तर चुकून तिचीच निवड होण्याचा संभव असतो.

दुसरा धडा खराब फ्लॉपीचा. वितरणाची फाइल नेहमी त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. तिच्याबरोबर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक खूण प्रसिद्ध केलेली असते. आपण उतरवलेल्या फाइलची खूण काढून ती तिच्याशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक पडला तर फाइल टाकून द्यावी. पेन ड्राइव्हवर फाइल नुसती नकलून चालत नाही. त्यासाठी असलेल्या साधनानेच ती लिहावी लागते, आणि त्या वेळी ड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते.

तिसरा धडा क्नॉपिक्सचा. बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून एक संध्याकाळ घालवावी. वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे पाहावे. यंत्र सुरू होताना पेन ड्राइव्ह निवडण्यासाठी निरनिराळ्या बनावटींत एफ-२, एफ-१२ वा डिलीट यांपैकी एखादी कळ दाबावी लागते. यंत्र फारच जुने, बत्तीस बिटांचे असेल, तर एक सावधगिरी हवी : ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी प्रतिष्ठापक देणे बंद केले आहे.

चौथा धडा वितरणांच्या भाऊगर्दीचा. शेकडो वितरणे आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आहेत. नवशिक्याने या वादात न पडता दीर्घ मुदतीची देखभाल असणारे, पुष्कळ लोक वापरतात असे एखादे घ्यावे. लिनक्स मिंट, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा डेबियन यांपैकी कोणतेही चालेल. ओळखीत जो जाणता असेल तो जे वापरतो ते घ्यावे, हा सर्वांत व्यवहारी निकष. अडल्यावेळी विचारता येईल असा माणूस ही उत्तमातल्या उत्तम वितरणापेक्षा मोठी सोय आहे.

पाचवा धडा चकतीच्या वाटणीचा. विंडोज ठेवून तिच्याशेजारी लिनक्स बसवावयाची असेल, तर तिची जागा तिच्याच साधनाने आधी कमी करून घ्यावी. चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची पुनर्प्राप्तीची लांब संख्या कागदावर लिहून जवळ ठेवावी. यंत्र सुरू होण्याच्या पद्धतीत बदल झाला की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. विंडोजची 'जलद प्रारंभ' ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे चकती अर्धवट मिटलेल्या अवस्थेत राहते. वाटणीच्या पडद्यावर जो शेवटचा प्रश्न विचारला जातो, तो वाचल्याशिवाय होकार देऊ नये. चकतीचे नाव, तिचा आकार आणि पुसला जाणारा भाग, या तीन गोष्टी मोठ्याने वाचाव्यात. सरकारी तिजोरीचे बिल मंजूर करताना आपण जितके काळजीपूर्वक वाचतो तितके येथे वाचले तरी पुरे.

दोन प्रणाली शेजारी-शेजारी नांदू लागल्या की पुष्कळांना एक चमत्कार दिसतो : घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. यंत्रात भूत नाही. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळेवर ठेवते, आणि दोहोंतला फरक भारतीय प्रमाणवेळेइतका, म्हणजे साडेपाच तासांचा पडतो. एकीला दुसरीची रीत पाळायला सांगितले की भांडण मिटते. कालविभाग निवडताना नगरांच्या यादीत मुंबई वा दिल्ली न दिसल्यास गोंधळू नये. आपल्या देशाच्या वेळेला तेथे कोलकात्याचे नाव आहे.

सहावा धडा पुस्तिकाकारांचा. एक वही करावी. काय बदलले, कोणत्या दिवशी बदलले, काय बिघडले आणि कशाने सुधारले, हे तीत लिहावे. कोणी दिलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय यंत्राला देऊ नये. मुक्त प्रणालीत आपल्याला पूर्ण अधिकार असतात, त्यात सर्वनाशाचाही अधिकार येतो. कार्यक्रम शक्यतो वितरणाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावेत आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी होऊ द्याव्यात.

आणखी एक सूचना आमच्या पेशाला धरून आहे. हे सर्व स्वतःच्या घरच्या यंत्राविषयी आहे. कार्यालयाच्या यंत्रावर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नये. घरच्या यंत्रावरूनही ज्यांना डिजिटल सहीचे टोकन वापरावे लागते वा एखादा विशिष्ट विंडोज-कार्यक्रम चालवावा लागतो, त्यांनी ते काम नव्या प्रणालीत होते की नाही हे आधी तपासावे. शंका असल्यास दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. ध्येयवाद उत्तम, पण देयकाच्या शेवटच्या तारखेला तो उपयोगी पडत नाही.

५

आता आपल्या भाषेचे. जुने मराठी लेखन अनेकांनी अशा फाँटांत केलेले असते की ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फाँट यंत्रात आहे तोवर मजकूर मराठी दिसतो. फाँट गेला की उरतात ती निरर्थक रोमन अक्षरे. घर बदलताना नेमकी हीच पेटी फुटते. म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवरच असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळच्या पानांची पी. डी. एफ. प्रतही काढून ठेवावी. वडिलांच्या आठवणींचे जे टंकलिखित आम्ही आरंभी म्हटले, ते वाचवण्याचा खरा क्षण हाच आहे.

युनिकोडातील मराठीसाठी लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा कळफलक तयारच असतो. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवलेल्या आराखड्याचा तो वंशज आहे. त्यात 'ल'च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ळ' येतो आणि 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ऱ'. हा दुसरा बारकावा महत्त्वाचा आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद हिंदीला लागत नाही; मराठीचा मात्र त्यावाचून अर्थच फिरतो. त्याचप्रमाणे भाषा म्हणून हिंदीऐवजी मराठी निवडली, तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही मिळतात. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याने खुले केले, तेव्हापासून लिनक्सवर देवनागरी दिसण्याची मोठी अडचण दूर झाली.

शेवटी एक तारीख सांगतो. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रतिष्ठापकात ज्या भाषांचा नव्याने समावेश झाला त्यांत मराठी होती. लिपीच्या अडचणीमुळे ती केवळ चित्रमय पडद्यावर निवडता येई, पण यादीत तिचे नाव आले. तेच निवेदन पुढे वाचले की दिसते, एक भाषा त्या वेळी वगळण्यातही आली : एस्टोनियन. तिचे भाषांतर अद्ययावत ठेवण्याचे काम झाले नाही, एवढेच कारण. एस्टोनिया हे स्वतंत्र राष्ट्र, सरकारी व्यवहार संगणकावर आणण्यात अग्रेसर म्हणून नावाजलेले. तरीही ज्या कामाला माणसे लागतात तेथे राष्ट्राची मुद्रा उपयोगी पडली नाही. उलट मराठीला त्या यादीत कोणा मंत्रालयाच्या आदेशाने स्थान मिळाले नव्हते. कोणीतरी बसून वाक्यामागून वाक्य मराठीत केले होते.

या घटनेचा अर्थ आपल्यासारख्यांनी नीट लावला पाहिजे. परप्रांती राहून आपण दिवसभर इंग्रजी टिपण्या आणि हिंदी पत्रे लिहितो. एका भाषेतला नेमका आशय दुसऱ्या भाषेत काटेकोरपणे उतरवणे हा आपल्या रोजच्या भाकरीचा व्यवसाय आहे. या प्रणालींच्या मराठीकरणाला नेमके हेच कसब हवे असते. प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नसते. ज्याचे यंत्र या महिन्यात नव्या प्रणालीवर सुरळीत चालू लागेल, त्याने पुढच्या महिन्यात त्यातली दहा ओबडधोबड मराठी वाक्ये टिपून ठेवावीत आणि ती सुधारून त्या वितरणाच्या भाषांतरकारांकडे पाठवावीत. भाड्याच्या घरात गळके छप्पर मालकाला दाखवून वाट पाहावी लागते. येथे शिडी लावण्याचा हक्क आपल्याला परवान्यानेच दिलेला आहे.